दारू सुटल्यानंतरचे दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर वर्धापनदिनाला माझे काम म्हणजे सतरंज्या घालायच्या आणि कार्यक्रम संपला की त्या झटकून घडी करायच्या. या वर्षी चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही दारूवर बोला." मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. असल्या विषयावर बोलायला कुणा शिकलेल्या माणसाला बोलवा." त्या म्हणाल्या, "शिकलेल्यांची भाषणे पुष्कळ झाली. दारू वाईट हे आता सगळ्यांना पाठ आहे. दारू सुटल्यावर तुमच्या घरात काय झाले, ते सांगा."

घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडायची तर ज्याची आहे त्याची परवानगी हवी, म्हणून मी घरी जाऊन यांना विचारले. हे मशीनवर बसले होते. बॉबिन भरून होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांग. पण मला उगीच मोठा करू नको, आणि लहानही करू नको." तेव्हा त्यांच्या परवानगीनेच बोलते आहे.

तुम्ही सगळ्याजणी यांना ओळखता. इथे बसलेल्या निम्म्याजणींच्या अंगातली पोलकी यांच्याच हातची आहेत. २०२१ साली त्यांतल्या काही पोलक्यांची डावी बाही उजवीकडे लागली होती, हेही तुम्हाला आठवत असेल. तुम्ही बोभाटा केला नाहीत, मुकाट्याने उसवून नीट करून घेतलीत. ते उपकार मी विसरलेले नाही.

किती पीत होते, कधीपासून पीत होते, घरात काय काय झाले, हे मी सांगत बसणार नाही. ज्यांच्या घरी ते आहे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी ते ऐकून काय करायचे? पुरुषमंडळी जिला गटारी म्हणून मिरवतात, त्या आषाढातल्या अमावास्येला पोटभर प्यायची आणि मग श्रावण पाळायचा, असा यांचा नेम. पुढे पुढे तो श्रावणही चार दिवसांवर आला. २०२२ साली मात्र २९ जुलैला, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, सकाळी उठून म्हणाले, "आता कायमची." कारण विचाराल तर एवढेच, की आमच्या लेकीने आपला शाळेचा गणवेश आदल्या दिवशी दुसऱ्या शिंप्याकडे शिवायला टाकला होता.

पहिला दिवस उलट्या, घाम आणि थरथर यांत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या रात्री हे अंथरुणावर उठून बसले आणि चादरीवरच्या मुंग्या झटकू लागले. चादरीवर मुंगी एकही नव्हती. मग दाराकडे बघून आपल्या वडिलांशी बोलू लागले, आणि मामंजींना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "हे बाहेरचं आहे." त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मीही पदर पसरून बसले. शेजारच्या मुलाने मात्र ऐकले नाही. त्याने रिक्षा आणली आणि आम्ही यांना सरकारी दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ते मी तुम्हाला जसेच्या तसे सांगते, कारण यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फीट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून असा भ्रम होऊ शकतो, आणि उपचार मिळाला नाही तर त्यात माणूस दगावतोसुद्धा. तेव्हा रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून, बाहेरून कडी घालून दारू सोडवायची, असे कुणी मनात आणले असेल तर आणू नका. आधी डॉक्टरांना विचारा. यांना झोपेचे औषध आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. आठव्या दिवशी घरी सोडले.

आता खरे सांगायचे ते पुढेच आहे.

घरी आल्यावर मी सत्यनारायण घातला. माझा हिशोब सरळ होता. आठ दिवस दवाखाना, पंधरा दिवस अशक्तपणा, आणि गणपती येईपर्यंत माणूस ठणठणीत. बाळंतिणीचा सव्वा महिना असतो, टायफॉईडचे पथ्य असते, तसे याचेही काही दिवस असणार आणि ते संपणार, असे मी धरून चालले होते. दवाखान्यातही पुढचे कुणी फारसे बोलले नव्हते. कदाचित बोलले असतील, आणि आनंदाच्या भरात माझ्या कानात शिरले नसेल.

गणपती आले आणि गेले. हे रात्री दोनला जागे होत, आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहत. डोळा लागलाच तर स्वप्नात दारू पीत आणि दचकून उठत. उठून आपलेच हात हुंगत, खरोखर प्यालो की काय म्हणून. तळपायांची अशी आग होई, की भादव्यात थंड फरशीवर पाय टेकून बसत. गिऱ्हाइकाचे माप घेऊन खडू उचलेपर्यंत माप विसरत. छाती धडधडे. दुकानात दोन बायका एकदम आल्या तर कपाळाला घाम फुटे आणि हे आतल्या खोलीत येऊन उभे राहत. ज्या माणसाने वीस वर्षे गिऱ्हाइके केली, तो पोलक्याच्या मापाला भिऊ लागला! सुईत दोरा ओवता येईना. मग लेक शाळेला जाण्याआधी वीस सुया ओवून टाचणीच्या गादीत टोचून ठेवू लागली. तिने हे कुणाला विचारले नाही आणि यांनीही तिला कधी काही म्हटले नाही. मला वाटते, त्या घरात तेव्हा शहाणे माणूस ते एकच होते.

सप्टेंबरच्या अखेरीस हात जरा बसले. नवरात्रात झोपही चार-पाच तास लागू लागली. मी म्हटले, सुटलो. आणि कोजागिरीनंतर, ऐन दिवाळीच्या शिलाईच्या घाईत, सगळे पुन्हा सुरू झाले. तीच थरथर, तोच घाम आणि वर चिडचीड. एका दुपारी अस्तर वाकडे कापले गेले म्हणून यांनी कात्री भिंतीवर फेकली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे चोरून पिऊ लागले.

बायांनो, आता सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी रात्री हे झोपले की त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेऊ लागले. पेटीमागे, माळ्यावर, पाण्याच्या टाकीत हात घालून पाहू लागले. एके संध्याकाळी दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात हात घातला आणि हाताला बाटली लागली. काळजात चर्र झाले. बाहेर काढून पाहते तो मशीनच्या तेलाची. मागे वळले तर हे दारात उभे.

तेव्हा तरी मी गप्प बसावे की नाही? उलट मीच म्हटले, "तोंड इकडं करा." हे पुढे आले आणि माझ्या तोंडावर श्वास सोडला. वास नव्हता. मग चपला घालून निघून गेले. तेव्हा साडेआठ वाजले होते.

हे परत आले सव्वादहाला. मधल्या वेळात मी काय केले ते मला आठवत नाही. गॅसवरचे दूध उतू जाऊन सांडले होते, एवढे आठवते. आल्यावर हे मोरीत पाय धुता धुता म्हणाले, "प्यालो नाही. स्टँडवरच्या बाकावर बसलो होतो, दुकानाच्या समोर. मनात म्हटलं, पिऊनही ही वास घेणार आणि न पिताही घेणार, मग मी उपाशी का राहायचं?"

हे वाक्य मी अजून विसरले नाही.

हे उठून रस्ता ओलांडणार, इतक्यात शेवटची एस. टी. आली. तिच्यातून उतरलेल्या एक बाई म्हणाल्या, "मास्तर, इतक्या रात्री इथं कसे? माझं पोलकं परवापर्यंत देणार ना?" हे म्हणाले, "देतो," आणि तसेच घरी आले. त्या रात्री बसून ते पोलके बेतले. त्या बाई आज या सभेत बसल्या आहेत. आपण काय केले, याची त्यांना कल्पनाही नसेल. त्यांचे नाव मी घेत नाही, पण त्या पोलक्याची शिलाई आम्ही घेतली नव्हती, ती का घेतली नाही हे त्यांना आज कळेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तालुक्याला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी रक्त तपासले, साखर, थायरॉईड, यकृत सगळे पाहिले, रक्तदाब घेतला, हृदयाची पट्टी काढली. म्हणाले, "छाती धडधडते ती दारूमागचीच असे आधीच धरून चालायचे नाही. दुसरे काही नाही ना, हे पाहून मग बोलू." सगळे ठीक निघाले. यकृताची सूज उतरली होती, रक्तदाबही पूर्वीपेक्षा खाली आला होता. मग त्यांनी समजावले. दारू मेंदूला सुस्त करते. रोज कुणी सुस्त करते आहे म्हटल्यावर मेंदू आपला तोल सांभाळण्यासाठी स्वतःला जास्त ताठ, जास्त जागा करून घेतो. वर्षानुवर्षे तसे चालते. मग एके दिवशी दारू जाते, पण तो ताठपणा लगेच जात नाही. पहिल्या आठवड्यातले वादळ त्याचेच, आणि पुढे महिनोन्‌महिने राहणारी अर्धी झोप, भीती, चिडचीड आणि विसरभोळेपणा हेही बरेचसे त्याचेच. काहींना हे काही आठवड्यांत ओसरते, काहींना महिने लागतात, आणि झोपेची घडी पुरती बसायला कुणाकुणाला वर्षही लागते. शिवाय हे उतरते तेही सरळ उतरत नाही. बरे वाटता वाटता पुन्हा एखादी लाट येते. पायांची आग शिरांची, दारूने आणि दारूपायी नीट न जेवल्याने शिरा दुखावतात, त्या सर्वांत सावकाश भरून येतात आणि कधी पुऱ्या येतही नाहीत. दिवाळीतली थरथर कशाची, तर कामाच्या धास्तीची, जागरणाची आणि दिवसाला बारा कप चहाची.

मला यातले निम्मे कळले. येताना एस. टी.त यांनी मला त्यांच्या भाषेत सांगितले. "जाड कापडावर शिवताना आपण मशीनचा ताणाचा स्क्रू आवळतो ना, तसा वर्षानुवर्षे आवळत गेला. आता कापड तलम आलं, पण स्क्रू तसाच घट्ट आहे, म्हणून दोरा सारखा तुटतो. एकदम फिरवून चालत नाही. पाव पाव आटा सैल करायचा, आणि शिवून बघायचं." मशीन मीही चालवते. मला पटले.

त्यातूनच आम्ही एक करार केला. मी वास घ्यायचा नाही, झडती घ्यायची नाही. आणि प्यायची फार ओढ लागली तर यांनी लपवायचे नाही, "दोरा तुटतोय" एवढेच म्हणायचे. मग मी हातातले काम टाकून उठते आणि आम्ही मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो. डॉक्टर म्हणाले होते, ही ओढ पाव तास, अर्धा तास जोर करते आणि ओसरते. देवळापर्यंत जाऊन यायला पंचवीस मिनिटे लागतात. कधी दोनदा जावे लागले आहे. एकदा पोळी तव्यावर टाकून गेले, ती जळून कोळसा झाली. सासूबाई म्हणाल्या, "या वयात काय फिरायला जाता दोघं!" त्यांना अजून ठाऊक नाही.

दुधाचा हिशोब लिहितो त्या कॅलेंडरवर मी यांच्या वाईट रात्रींना फुली मारू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सतरा फुल्या झाल्या. डिसेंबरात अकरा. जानेवारीत पुन्हा चौदा झाल्या तेव्हा मी हाय खाल्ली होती, पण डॉक्टर म्हणाले, पाने पालटून बघा. एप्रिलमध्ये तीन होत्या. रोज बघताना काही फरक वाटत नसे, कॅलेंडर पालटले की दिसे. ज्यांच्या घरी हे चालू असेल त्यांनी हे अवश्य करावे, पेनाच्या शाईखेरीज यात खर्च नाही.

काही चुका आमच्याही झाल्या, त्या सांगते. अशक्तपणा जावा म्हणून सासूबाईंनी यांना द्राक्षासव सुरू केले होते. चांगल्या मनानेच केले. पण आसव-अरिष्टांत मुरताना थोडे मद्य आपोआप तयार होत असते, ते दारू सोडलेल्या माणसाला नको. कुठलेही पातळ औषध डॉक्टरांना दाखवूनच द्यावे. झोप येत नाही म्हणून एका ओळखीच्याने गोळ्या आणून दिल्या होत्या. त्याही डॉक्टरांनी काढून घेतल्या, कारण एक सवय जाऊन दुसरी लागते. जी औषधे दिली ती त्यांनीच मोजून दिली आणि त्यांनीच बंद केली. चहा दुपारी तीननंतर बंद केला. गोड खाण्याची मात्र फार ओढ लागे, म्हणून खिशात गुळाचा खडा आणि शेंगदाणे ठेवू लागले.

आणि एक. नवऱ्याला न कळत आमटीत, चहात घालायच्या पुड्या गावोगाव मिळतात, मलाही एकीने आणून दिली होती. डायसल्फिरम म्हणून दारूविरुद्धचे एक खरे औषध आहे, पण ते घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली, तर छाती धडधडून, रक्तदाब उतरून जीवावर बेतू शकते. ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचे असते. पुडीत काय असते ते देणारीलाही माहीत नसते. मी ती मोरीत टाकली.

आता माझे स्वतःचे थोडेसे सांगते.

डॉक्टरांकडे दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी यांना विचारून झाल्यावर मला विचारले, "आणि तुम्हाला झोप लागते का?" मला असे कुणी कधी विचारले नव्हते. मी बोलायला तोंड उघडले आणि रडूच आले. चौदा वर्षे मी एक कान उघडा ठेवून झोपत होते. दारू सुटली तरी रात्रीचे आठ वाजले की माझ्या पोटात गोळा येई. हे समोर बसून काज करीत असत, तरी येई. फाटकाची कडी वाजली की हातातले भांडे पडे. चालण्यावरून, चपला काढण्याच्या आवाजावरून आज किती झाली आहे ते ओळखायची सवय अंगात मुरली होती, ती यांची दारू गेली म्हणून कशी जाणार? मला वाटे, आता रडायला काय झाले, देवाने सगळे दिले. त्यामुळे कुणाला सांगायचीही चोरी. डॉक्टर म्हणाले, दारू त्यांनी सोडली, पण अंगातून ती तुमच्या दोघांच्या उतरायची आहे. तेव्हापासून कॅलेंडरवर मी माझ्याही फुल्या मारू लागले, निळ्या शाईने. यांच्या लाल. खरे सांगते, निळ्या जास्त निघाल्या.

हे तालुक्याला दर गुरुवारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला जातात. ही संस्था १९३५ साली अमेरिकेत दोन दारू सुटलेल्या माणसांनीच काढली. तिथे फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, आणि फक्त आजचा दिवस प्यायची नाही एवढेच ठरवायचे असते. अशा घरांतल्या बायकामाणसांसाठी १९५१ साली निराळी संस्था निघाली, तिचे नाव अल-अ‍ॅनॉन. पुण्याला मुक्तांगण आहे, ते डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. तिथे राहून उपचार घेता येतात आणि घरच्यांनाही बोलावून समजावतात. घरातून निघता येत नसेल त्यांच्यासाठी सरकारचे दोन फोन आहेत, व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६. पैसे पडत नाहीत. मी दुसऱ्यावर दोनदा फोन केला आहे. पहिल्यांदा नुसतीच रडले, तरी पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

आपले मंडळ गावातली बाटली आडवी करण्यासाठी सह्या गोळा करते, त्यावर माझीही सही आहे. पण दुकान बंद झाले की त्या दिवशी गावात चाळीस-पन्नास माणसे थरथरणार आहेत आणि त्यांच्या घरी चाळीस-पन्नास बायका त्यांचे तोंड हुंगणार आहेत, त्याची तयारीही मंडळाने करावी, अशी माझी सूचना आहे. अध्यक्षीणबाईंनी ती टिपून घ्यावी.

आज यांची प्रकृती बरी आहे. सुया स्वतः ओवतात. पायांची आग रात्री थोडी होते, तिला आता आम्ही फार मनावर घेत नाही. दारूचे स्वप्न वर्षातून एखाद्या वेळी पडते, बहुधा गटारीच्या सुमारास. मी अजून कधी कधी आठ वाजता घड्याळाकडे बघते.

ज्यांना इथे सर्वांसमोर विचारायला संकोच वाटेल त्यांनी दुपारी दोन ते चार माझ्याकडे यावे. दुकानाच्या बाजूने येऊ नका, तिथे गिऱ्हाइके असतात. मागच्या दाराने या, कडी वाजवलीत तरी चालेल. आणि यांनी निघताना निरोप दिला आहे, की ज्यांची पोलकी संक्रांतीसाठी टाकलेली आहेत ती शनिवारी तयार होतील, बाह्या तपासून घ्याव्या.